तंबाखूचा हात

शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलं होतं, पण नावाला 'मास्तर' चिकटलं ते कायमचं. कापडाच्या गिरणीत तुटलेला धागा जोडायचं त्यांचं काम. साच्यावर, म्हणजे मागावर, हजारो धागे ताणून बसवलेले असतात. त्यातला एक तुटला की कापडात रेघ पडते, आणि कापडात पडली की मुकादमाच्या कपाळावरही पडते. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं धरून अंगठ्याच्या नखावर ते अशी गाठ मारत, की बघणाऱ्याला वाटावं यांनी नुसतं बोट चोळलं. गाठ दिसायची नाही नि सुटायचीही नाही. म्हणून गाठमास्तर. लग्न झाल्यावर बायको आपसूक मास्तरीण झाली. खात्यातले सोबती म्हणायचे, मास्तरांना आयुष्यात एकच गाठ सोडवता आली नाही. ते मास्तरणीच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "सोडवायला आधी गाठ कळावी लागते."

गिरणीत बघणं म्हणजे हात फिरवणं. कापसाच्या धुरळ्यात डोळे फसतात, तळहात फसत नाही. कामाची पाळी सुरू झाली की मास्तर ताण्याच्या एका टोकाला उभे राहायचे आणि सगळ्या धाग्यांवरून हलका हात नेत दुसऱ्या टोकाला निघायचे. कुठे सैल आहे, कुठे तुटायला आलंय, ते हाताला कळायचं. पुढे ही खोड घरातही आली. चादर बघायची तर हात फिरवून, लेकीचा ताप बघायचा तर पाठीवरून हात फिरवून, दुकानातला तांदूळ बघायचा तरी मूठ आत घालून. दुकानदार वैतागायचा, "मास्तर, बघा पण लांबून."

दुसरी खोडही गिरणीचीच. आत विडी-सिगरेटला सक्त मनाई, कारण कापूस उडत असतो, एक ठिणगी पडली की सगळ्यांची राख. त्यामुळे अख्खं खातं गालात तंबाखू धरून असायचं. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात एक चपटी डबी असायची. दोन बोटांनी चिमूट काढायची, तळहातावर चोळायची, गालात सोडायची. गिरणी सुटली, पण डबी सुटली नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट टोकाला तपकिरी झालं ते झालंच.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि खोलीच्या लांबीएवढी एक गॅलरी. सकाळचं ऊन गॅलरीत येऊन बसायचं, आणि तिथे मास्तरणीचं राज्य होतं. रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये तिने टोमॅटोची ओळ लावलेली. बी तिच्या आईकडून आलेलं. बाजारात ही जात मिळायची नाही. फळ चुण्या पडलेलं, जणू पिशवीचं तोंड दोरी ओढून आवळलंय. साल इतकी पातळ, की जिन्यातून खाली नेईपर्यंत एखादं फुटायचंच. मास्तरीण दर वर्षी चांगली फळं बघून बी काढायची, वाळवायची आणि काचेच्या बरणीत ठेवायची. पेरताना बरणीतलं अर्धंच काढायची. उरलेलं अर्धं कधीच काढायची नाही.

झाडं चढायला वर गजाला दोऱ्या बांधायच्या, एवढंच काम मास्तरांच्या वाट्याला. तेवढं ते इतकं नेटकं करायचे, की दोरीला दोरी समांतर, ताण एकसारखा, साचाच उभा केलाय असं वाटावं. पण रोप वर आलं की मास्तर गॅलरीच्या बाहेर. मास्तरीण एकदाच काय ते सांगायची, "तंबाखूच्या हाताने माझ्या झाडांना शिवायचं नाही." आणि स्वतः गॅलरीत जाण्याआधी मोरीत उभी राहून साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. लोक मातीतून आल्यावर हात धुतात, ही जाण्याआधी. मास्तर म्हणायचे, "ऑपरेशनला निघालात का डॉक्टरीणबाई?" ती ओले हात झटकत पुढे जायची.

मास्तरांना त्यात वेगळं काही दिसलं नाही. तंबाखूवरून तिने आयुष्यभर त्यांना धारेवर धरलं होतं. तंबाखूने सदऱ्याला वास येतो. तंबाखूने दात असे झालेत की लेकीच्या सासरच्यांसमोर हसू नका. भिंतीवर हात टेकू नका, डाग पडतो. रोज एक नवं खुसपट. झाडांना शिवायचं नाही, हाही त्याच पोत्यातला एक टोमणा, असं त्यांनी धरलं आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं. मग ते रोज सकाळी गॅलरीच्या दारात, हात पाठीमागे बांधून, रखवालदारासारखे उभे राहायचे आणि तिला पानांच्या बगलेतले नको असलेले फुटवे खुडताना बघायचे. तिची बोटं जाडी होती. एका फुटव्याबरोबर कधी कधी शेजारचं पानही यायचं. मास्तरांच्या तोंडावर यायचं, सर बाजूला, मी खुडतो. केसाएवढा धागा ज्या बोटांना वश होता, ती बोटं एका पानाच्या लायकीची नाहीत, हे त्यांना आत कुठेतरी लागायचं. पण लागलेलं बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. टोमणे मोठ्याने, दुखणं मनात.

मागच्या थंडीत मास्तरीण गेली. आधी खोकला, मग दवाखाना, मग दवाखान्यातून परत यायचं राहूनच गेलं. आठवडाभर घर माणसांनी भरलं, नंतर रिकामं झालं. लेक सासरी परत गेली. मास्तर दोन खोल्यांतून एकटेच इकडून तिकडे हिंडायचे आणि प्रत्येक फेरीत गॅलरीच्या दाराशी थांबायचे. अजूनही हात पाठीमागेच जायचे.

थंडी सरली तेव्हा लेकीचा फोन आला. तिला तळमजल्यावरचं घर मिळालं होतं, मागे हात-दोन हात रुंदीची मातीची पट्टी होती. आवाजात कितीतरी दिवसांनी थोडी उमेद आलेली. म्हणाली, बाबा, आईच्या टोमॅटोचं बी माझ्यासाठी धरा, हंगाम झाला की मी येऊन नेईन. आजीकडून आईकडे आलं तसं आता माझ्याकडे येऊ दे. मास्तर म्हणाले, "बी काय मागतेस, गोणी घेऊन ये."

आणि बोलल्यासारखं करायचं म्हणून त्यांनी बरणी उपडी केली. सगळं बी पेरलं. अर्धं ठेवायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर बघितलेलं. पण जितकी झाडं जास्त तितकं बी जास्त, असा सरळ हिशोब त्यांनी केला. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना गॅलरी गच्च भरलेली बघायची होती. खालच्या इस्त्रीवालीने डोकावून विचारलंही, की मास्तर, अख्खी बरणी? मास्तर म्हणाले, "आता ओरडायला कोण आहे?" इस्त्रीवाली, जी एरवी कुणाचं ऐकून घेत नसे, ती आल्या पावली खाली गेली.

रोपं आली, बघता बघता दोऱ्यांना लागली. मास्तरांचा दिवस ठरून गेला. उठायचं, चहा, मग एक चिमूट गालात, आणि गॅलरी. दाराशी पहिलं झाड, भिंतीशी शेवटचं. दारापासून सुरुवात करून सगळ्या ओळीवरून तळहात फिरवत जायचं, पानं वरखाली करून बघायची, बगलेतले फुटवे नखाने खुडायचे, चिकट हिरवा रस लेंग्याला पुसायचा, पुढचं झाड. फुटवा असा निघायचा, की झाडाला पत्ता लागू नये. बोटं पुन्हा कामाला लागली होती. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना सकाळ झाल्याचं बरं वाटत होतं. मनातल्या मनात ते तिला डिवचायचेसुद्धा: बघ, लावला हात. काय झालं? जळली का झाडं?

जळली नाहीत. एका सकाळी दाराजवळच्या झाडाच्या शेंड्याची पानं वेगळी दिसली. हिरव्यात फिकट ठिपके, जुन्या भिंतीवर ओल उतरते तसे. हात फिरवला तर पान गुळगुळीत लागेना, उंचसखल लागलं. मास्तरांनी पाणी वाढवलं. चार-आठ दिवसांत पानं आक्रसली, अरुंद झाली, शेंडा तर धाग्यांच्या गुंत्यासारखा दिसायला लागला. मग शेजारचं झाड. मग त्याच्या शेजारचं.

चाळ म्हटली की सल्ल्याला तोटा नसतो. इस्त्रीवालीने शेगडीतली राख आणून दिली, वर म्हणाली, राखेत माझी अख्खी हयात गेली, तुमच्या झाडांचं भलं होतं का बघा. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनरांनी साबणाचं पाणी सांगितलं. कुणी म्हणालं ऊन जास्त होतंय, कुणी म्हणालं कमी. मास्तरांनी सगळं केलं. राख टाकली, पाणी मारलं, पडदा लावला, पडदा काढला. आणि आधी सकाळी फिरायचा तो हात आता संध्याकाळीही फिरू लागला. आजारी लेकराच्या कपाळावर बसतो तसा तो पानांवर बसून राहायचा. डबीतली चिमूटही वाढली, कारण काळजीत माणूस दुसरं काय करणार. झाड जास्त वाईट दिसलं की मास्तर त्याला जास्त कुरवाळायचे.

फळं धरली ती थोडी, आणि टणक. पिकली तरी देठाजवळ पिवळी राहिली. एक कापून बघितलं तर आत तपकिरी शिरा. मास्तरांनी सुरी खाली ठेवली, भिजवलेल्या रुमालात शेंड्याची दोन पानं गुंडाळली आणि रस्त्यापलीकडची नर्सरी गाठली.

नर्सरीवाला आडव्या अंगाचा माणूस, रबरी नळी हातात धरून कुंड्यांना पाणी घालत होता. रुमाल बघितल्यावर म्हणाला, "हातात देऊ नका. तिथे फरशीवर ठेवा." उकिडवा बसून त्याने पानं लांबूनच बघितली. मग विचारलं, सुरुवात कुठून झाली. मास्तर म्हणाले, दारापासून. पुढे? पुढे ओळीने. एकही मधलं सोडलं नाही? नाही. तेव्हा त्याने मान वर केली, आणि त्याची नजर मास्तरांच्या खिशावर येऊन थांबली.

"काका, तंबाखू खाता?"

"हो," मास्तर म्हणाले, आणि माणूस बरा दिसला म्हणून त्यांनी डबी काढून पुढे केली. "घ्या ना."

नर्सरीवाल्याने डबीकडे बघितलं, पानांकडे बघितलं. त्याच्या तोंडावर हसू येता येता राहिलं.

"नको. हा रोग त्यातूनच आलाय."

मग त्याने नळी बंद करून समजावून सांगितलं. तंबाखू आणि टोमॅटो एकाच भावकीतले. तंबाखूच्या पानाला हा रोग झालेला असला, तर ते पान वाळलं, चुरलं, डबीत गेलं, तरी रोग मरत नाही. हाताला लागतो. तो हात झाडाला लागला की झाडाला, आणि त्या झाडाचा रस बोटाला लागून पुढच्या झाडाला. वाऱ्याची गरज नाही, किड्याची गरज नाही. औषध? औषध नाही. मुळासकट उपटा आणि जाळा. दोऱ्या, डबे, सगळं धुवून काढा. मास्तरांनी लेकीला द्यायच्या बियांचं विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. "बी धरू नका, काका. बियाबरोबर रोगही सासरी जातो." आणि पुन्हा नळी सुरू करता करता, सहज म्हणून, तो म्हणाला, "घरात कुणी सांगितलं नाही का कधी? जुन्या माणसांना माहीत असतं हे."

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

घरी येताना ते जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसले. गुडघ्याचं निमित्त. तिने काही गुपित ठेवलं नव्हतं. वर्षानुवर्षं, दर हंगामाला, ढळढळीत मराठीत सांगितलं होतं. तिचं सगळं खरं एका पोत्यात कोंबून त्यांनी वर गाठ मारली होती, आणि गाठ मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

इस्त्रीवाली हा शेवटचा धागा होता. मास्तरीण दर वर्षी तिला चार फळं द्यायची. मास्तरांनी इस्त्रीवालीला विचारलं, गेल्या वर्षीच्यातलं बी वगैरे काही राहिलंय का. इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली. "मीठ लावून खाल्ले, मास्तर," ती म्हणाली. "बी ठेवायला मला काय माहीत होतं, ती मरणार आहे." आणि पदराने डोळे पुसून परत सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री जोरात दाबली.

लेक यायची होती. मास्तरांनी झाडं उपटली, पोत्यात भरली आणि चाळीमागच्या मोकळ्या जागेत नेऊन जाळली. ओली होती, नुसतीच धुमसत राहिली. पण उपटण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. त्यातल्या त्यात बरी दिसणारी तीन फळं बाजूला काढली, बी धुतलं, मलमलच्या तुकड्यावर वाळत घातलं. वाळलेलं बी बघितलं तर बरणीतल्यासारखंच: चपटं, केसाळ, पिवळट. हात फिरवला, काही फरक नाही. त्यांनी कागदाची पुडी केली, तिला दोरा गुंडाळला आणि आपली ती गाठ मारली. मनाशी म्हणाले, नर्सरीवाला काय देव आहे? रुजेल नाहीतर नाही रुजणार. नाही रुजलं तर तिथली माती वाईट म्हणता येईल.

लेक आली, राहिली, आईच्या साड्यांची कपाटं लावली. गॅलरी रिकामी बघून तिने विचारलं, आणि मास्तर म्हणाले, हंगाम लवकर संपला यंदा. पुडी दिली तेव्हा तिने ती आधी नाकाला लावली, मग पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मास्तरांनी दुसरीकडे बघितलं.

निघायच्या दिवशी पायांत चपला घालता घालता ती बोलत होती. पट्टी खणून ठेवलीय, जवळच वांगी-मिरच्या लावायच्या म्हणते. धाकटीला सांगितलंय, आजीचे टोमॅटो येणारेत. ती रोज शाळेतून आली की मातीत बोट घालून बघते, आले का म्हणून. अजून पेरलेही नाहीत, तरी बघते.

मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"ती पुडी दे इकडे."

"कुठली? बियांची? का?"

"दे म्हटलं ना."

तिने दिली. मास्तरांनी मुठीत घट्ट धरली आणि मग सगळं सांगितलं, तुटक तुटक, खाली बघत. डबी, हात, ओळ, नर्सरीवाला. बरणी उपडी केली तेही. हे बी लावलंस तर तुझी माती नासेल, वांगी-मिरच्याही जातील. आईचं बी संपलं. माझ्या हाताने संपलं.

लेक चप्पल अर्धी घातलेली तशीच उंबऱ्यावर बसली. तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. ओरडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"आई काय म्हणायची ठाऊक आहे तुम्हाला?" ती शेवटी म्हणाली. "म्हणायची, ज्या दिवशी हे डबी फेकतील, त्या दिवशी अर्धी गॅलरी ह्यांच्या नावावर करीन. फुटवे खुडायला ह्यांच्यासारखी बोटं नाहीत कुणाची. माझ्याने पानं तुटतात."

"मला नाही म्हणाली कधी."

"तुम्हाला म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, डबी सोडवायची ही नवी युक्ती."

अगदी हेच म्हटलं असतं त्यांनी, याच शब्दांत.

बसची वेळ झाली होती. लेक उठली, म्हणाली, जाऊ द्या बाबा, आणि जाता जाता त्यांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, लहानपणी ताप बघताना ते तिच्या फिरवायचे तसा. मग पिशवी उचलून जिना उतरली. खाली इस्त्रीवालीशी दोन शब्द बोलल्याचं ऐकू आलं, नंतर काही नाही.

पुडी अजून मुठीत होती. उघडून बी एकदा बघावं म्हणून मास्तरांनी दोरा सोडायला घेतला, पण ती गाठ त्यांची होती, सुटणारी नव्हती. त्यांनी गॅस पेटवला आणि पुडी तशीच चिमट्यात धरून ज्योतीवर धरली. तडतड आवाज आला, थोडासाच.

मग ते मोरीत गेले. खिशातली डबी काढून फळीवर ठेवली, फेकली नाही, नुसती ठेवली. साबण घेतला आणि हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटं, कोपरापर्यंत. तपकिरी बोट कितीदा घासलं, ते तपकिरीच राहिलं. ओले हात तिच्यासारखे झटकले आणि गॅलरीत गेले.

डबे धुवून उपडे ठेवलेले. दोऱ्याही नव्या बांधल्या होत्या, का कुणास ठाऊक, सवयीने. वर गजापासून खाली डब्यांपर्यंत, समांतर, एकसारख्या ताणाच्या. मास्तर दाराशी उभे राहिले, स्वच्छ तळहात पहिल्या दोरीला लावला आणि हळूहळू भिंतीपर्यंत चालत गेले. एकही दोरी सैल नव्हती. तुटलेली तर एकही नव्हती.